वाट्याला आलेली कामं

हामामात्सू हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते नवऱ्याच्या बदलीचं ठरलं तेव्हा. तो चिंचवडला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता आणि त्या कंपनीची जपानमधली मुख्य कचेरी या शहरात होती. टोकियो आणि ओसाका यांच्या साधारण मध्यावर, समुद्राकाठी वसलेलं, आठ लाखांच्या आसपास वस्तीचं हे शहर. सुझुकी कंपनी इथली, यामाहाचे पियानो इथले, होंडा कंपनी काढणारे सोइचिरो होंडाही याच परिसरात जन्मलेले. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही, आणि नवऱ्याला ते फारसं वाटलंही नाही. यंत्रं तीच, नकाशे तेच, बरोबरचे निम्मे लोक पुण्याला येऊन गेलेले. मी मात्र नववी-दहावीला गणित शिकवत होते आणि ती नोकरी सोडून आले होते.

आम्ही ऑगस्ट 2018 मध्ये आलो. मुलगी साडेसहा वर्षांची होती.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो भाग सगळ्यांत सोपा गेला. निवासाचं कार्ड विमानतळावरच हातात पडतं. राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्डाच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा. आरोग्यविमा सगळ्यांना सक्तीचा, आणि मोठ्या माणसाने दवाखान्याच्या बिलातला तीस टक्के भाग स्वतः भरायचा. कचेरीतल्या बाई प्रत्येक कागद दोन्ही हातांनी पुढे करायच्या आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक गोल काढून द्यायच्या. काही आठवड्यांत आमच्याकडे पत्ता होता, बँकेचं खातं होतं, दोन सायकली होत्या.

अवघड सुरू झालं ते हे सगळं मार्गी लागल्यावर. नवरा सकाळी सातला जायचा, मुलगी शाळेत, आणि घरात मी. मला वाचता येत नव्हतं. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण बारा वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या बाईला ते रोज सोसायला फार जड जातं. टपालपेटीत पडलेला कागद बिल आहे, जाहिरात आहे की कसली सूचना, ते कळायचं नाही. दुकानात मीठ आणि साखर एकाच आकाराच्या पिशव्यांत असायची. फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर दिसायचं, पण त्यातून वाक्य कळायचं, त्यामागचा हेतू कळायचा नाही. 'कृपया सहकार्य करावे' असं लिहिलंय, पण कशासाठी, कधी आणि कोणी?

इथे तुम्हाला तोंडावर कोणी काही सांगत नाही. कचऱ्याच्या जागेवर कोणी चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली, तर ती उचलली जात नाही. तिच्यावर एक चिठ्ठी लागते आणि ती तिथेच राहते. ज्याची आहे त्याला कळलं पाहिजे. सुरुवातीला मला हे क्रूर वाटायचं. आमच्याकडे शेजारच्या काकू दारात येऊन दोन शब्द सुनावून जातील आणि संध्याकाळी वाटीभर आमटी पाठवतील. ते बोलणं मला हवं होतं. कोणी रागवावं इतकी तरी आपली दखल घेतली जावी, असं वाटायचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रात्री वादळ आलं. त्या वर्षीचं चोविसावं तायफून. शिझुओका प्रांताच्या पश्चिम भागाला त्याने झोडपून काढलं आणि हामामात्सूत फार मोठ्या भागातली वीज गेली. सकाळी चौकातले सिग्नल बंद, दुकानं अंधारात, फ्रिजमधलं सगळं वितळायला लागलेलं. काही ठिकाणी वीज लवकर आली. आमच्या गल्लीत यायला काही दिवस गेले.

आमचं घर म्हणजे दोन मजली, सहा बिऱ्हाडांची छोटी इमारत. तिला लागून एका वृद्ध जोडप्याचं स्वतःचं घर आहे. त्यांच्याकडे शेगडीपासून अंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळं विजेवर. टेबलावर ठेवायची छोटी गॅसची शेगडी त्यांच्याकडे होती, पण तिची नळकांडी संपत आली होती, आणि दुकानांतली तर पहिल्याच सकाळी संपली. आमच्याकडे साधा गॅस होता. दुसऱ्या संध्याकाळी आजी अंगणात उभ्या होत्या. मी हातवारे करून विचारलं, त्यांनी नको-नको म्हणून हात हलवला, आणि मी तरीही मुगाच्या डाळीची मऊ खिचडी करून पातेलं घेऊन गेले. मिरची नाही, हिंग अगदी चिमूटभर, वर तूप. इथे आजाऱ्याला तांदळाची पातळ पेज देतात, त्यामुळे तो पदार्थ त्यांना अनोळखी वाटला नसावा. आजोबांनी दोनदा घेतली. त्यानंतर वीज येईपर्यंत त्यांचा भात, त्यांचं सूप माझ्या शेगडीवर शिजत होतं आणि आमचे फोन त्यांच्या गाडीत चार्ज होत होते.

त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. शहरावर संकट असताना बरं वाटावं हे कोणाला खटकेल, पण तसंच होतं. इथे आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी होतं ज्याची दुसऱ्याला गरज होती.

शाळेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण जपान मला शाळेनेच शिकवला. परदेशी मुलांवर इथे शाळेची सक्ती नाही, पण अर्ज केला की सरकारी शाळेत घेतात. शिक्षण मोफत असतं. मुलगी पहिलीत दुसऱ्या सत्रात दाखल झाली. शाळेने सामानाची यादी दिली. वर्गात घालायचे वेगळे पांढरे बूट, ते न्यायची पिशवी, जेवताना पसरायचा रुमाल, जुन्या टॉवेलची शिवलेली फरशी पुसायची दोन फडकी, आणि भूकंपात डोक्यावर ओढायची जाड कापडी टोपी, जी एरवी खुर्चीवर गादीसारखी घालून ठेवतात. सोबत गणिताची पेटी. तिच्यात मोजायच्या काड्या, रंगीत ठोकळे, पत्ते, खोटी नाणी. यातल्या प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव चिकटवायचं. प्रत्येक काडीवर. मी आणि नवरा रात्री जागून सुईएवढ्या चिठ्ठ्या लावत बसलो. त्या वेळी हे सगळं अतिरेकी वाटलं होतं. पुढे वर्गात पाहिलं की एखादी काडी जमिनीवर सापडली तर सात वर्षांचं पोर ती उचलतं, नाव वाचतं आणि ज्याची त्याला नेऊन देतं. बाईंना मध्ये पडावं लागत नाही. गणिताच्या शिक्षिकेला यापेक्षा आणखी काय हवं?

शाळेत मुलं एकेकटी जात नाहीत, आई-बापही सोडायला जात नाहीत. गल्लीतल्या मुलांचा गट असतो. ठरलेल्या कोपऱ्यावर जमायचं, सहावीतलं मूल पुढे, पहिलीतली त्याच्या मागे, सगळ्यांत शेवटी पाचवीतलं एखादं. पहिल्या दिवशी मी गटाच्या मागे मागे बरंच अंतर चालत गेले. सहावीतल्या त्या मुलाने मागे वळून मला वाकून नमस्कार केला आणि पुन्हा पुढे पाहून चालू लागला. मग मी थांबले. त्या पोराच्या खांद्यावर माझी मुलगी सोपवायची होती आणि ते मला फार कठीण गेलं. चिंचवडला मी तिला रिक्षावाल्या काकांच्या हाती देत होते, पण ते काका तरी मोठे होते.

रस्ते ओलांडायच्या जागी सकाळी पालक पिवळे झेंडे घेऊन उभे राहतात. तेही पाळीने. वेळापत्रक येतं, त्यात नाव असतं. पहिल्यांदा आमचं नाव आलं तेव्हा शाळेतून वेगळी चिठ्ठी आली होती की तुम्हाला जमत नसेल तर कळवा. मी कळवलं की जमेल. झेंडा आडवा धरायचा, गाडी पूर्ण थांबली की मुलांना जाऊ द्यायचं, प्रत्येकाला 'ओहायो गोझाइमास' म्हणायचं. त्या दिवशी शंभरेक मुलांनी मला सुप्रभात म्हटलं असेल. गल्लीतल्या बायांची नावं मला त्या झेंड्याच्या दिवसांत कळली.

या पाळ्यांचं ओझं बहुतेक आयांवर पडतं, हेही सांगितलं पाहिजे. पालकसंघाच्या बैठका आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाला. नोकरी करणाऱ्या बाईने त्या दिवशी रजा घ्यायची. बैठकीत बाप मोजके, आणि संघाचा अध्यक्ष मात्र पुष्कळदा पुरुष. याबद्दल माझ्याबरोबरच्या जपानी आया दबक्या आवाजात बोलतात आणि वरच्या आवाजात कोणी बोलत नाही. मला हे पटत नाही, आणि ज्या समाजात आपण रुळतो त्यातलं सगळं पटलंच पाहिजे असंही मला वाटत नाही.

मुलीचे कान टोचलेले होते. इथल्या शाळेत कानात काही घालू देत नाहीत. बाईंनी बोलावून अगदी हळू आवाजात विचारलं. आमच्यात तान्हेपणीच कान टोचतात, तो संस्कार आहे, हे आम्ही दुभाष्यामार्फत सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, मुख्याध्यापकांशी बोलल्या, आणि शेवटी व्यायामाच्या आणि पोहण्याच्या तासाला रिंगा काढायच्या असं ठरलं. वर्गातल्या ब्राझीलच्या मुलींचाही हाच प्रश्न आधी येऊन गेला होता, त्यामुळे सोपं गेलं. हामामात्सूत ब्राझीलचे जितके लोक राहतात तितके जपानच्या दुसऱ्या कुठल्याही शहरात नाहीत. 1990 साली कायदा बदलला आणि जपानी वंशाच्या ब्राझीलकरांना इथे काम करायची मुभा मिळाली, तेव्हापासून ते इथल्या कारखान्यांत आले. आमच्या आधी वाट तुडवलेले ते लोक. त्यांचे उपकार मी मानते.

जेवणाचा प्रश्न मोठा होता. आम्ही शाकाहारी. शाळेत जेवण सगळ्यांना सारखं, मुलंच पांढरे डगले घालून वाढतात, आणि महिन्याचा तक्ता आधी घरी येतो, त्यात प्रत्येक पदार्थात काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं. मांस-मासे टाळता येतात, त्या दिवशी डबा देता येतो. पण दाशी टाळता येत नाही. सुकवलेल्या माशाचा आणि समुद्रशेवाळाचा तो अर्क. सूप, भाजी, नूडल्स, सगळ्यांच्या तळाशी तोच. दाशी वर्ज्य केली तर मुलीने रोजच डबा न्यायचा आणि रोजच वेगळं खायचं. आमचं ठरेना. शेवटी साताऱ्याला आईंना, म्हणजे सासूबाईंना, फोन लावला. त्या स्वतः कांदा-लसूणही चातुर्मासात शिवत नाहीत. त्या म्हणाल्या, "पोरीला पंगतीत वेगळं बसवू नका. पानात मासा दिसला तर बाजूला ठेवू दे, पाण्याचं काही मनात धरू नका." नवरा आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. तेव्हापासून मुलगी शाळेचं सूप पिते, घरी आम्ही नुसत्या समुद्रशेवाळाची दाशी करतो.

घरचा स्वयंपाक हळूहळू बसला. जपानी शेगडीच्या पोटात मासे भाजायचा एक खण असतो. आमच्या घरात तो वांगी भाजायला आहे, आणि असं भरीत मला चिंचवडच्या गॅसवर कधी जमलं नव्हतं. इथला भोपळा गर्द केशरी आणि इतका गोड, की घारग्यांत गूळ निम्मा लागतो. मुळा हातभर लांब आणि कधी कधी पाल्यासकट मिळतो. तो पाला चिरून पीठ पेरून भाजी. अळकुड्या, भेंडी, रताळी, सगळं आहे. कणीक, तूरडाळ, हिंग टोकियोहून टपालाने मागवायचं. कुकर मिळाला तो ब्राझीलच्या दुकानात, कारण त्यांनाही काळा घेवडा शिजवायचा असतो. त्याच दुकानात पेरूची घट्ट वडी मिळते, ती आम्ही शिऱ्याबरोबर खातो. कुकरच्या शिट्टीचा आवाज भिंतीपलीकडे जातो म्हणून सकाळी आठच्या आत आणि रात्री नऊनंतर कुकर लावायचा नाही, हा नियम आम्हीच आमच्यासाठी केला.

पहिला हिवाळा वाईट गेला. बर्फ इथे सहसा पडत नाही, पण वायव्येकडून कोरडा वारा सुटतो, त्याला इथले लोक 'एन्शूचा काराक्काझे' म्हणतात; एन्शू हे या भागाचं जुनं नाव. सायकलवर तो छातीवर बसतो. घरंही आतून थंड. एक खोली तापवायची आणि तिच्यातच बसायचं. त्या दिवसांत मी पुष्कळ रडले. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्या जुन्या शाळेत माझी जागा भरली गेली होती, ती बातमी त्याच सुमारास आली. घरी फोन केला की सगळे म्हणायचे, जपानमध्ये आहेस, मजा आहे. त्यांना मी काय सांगणार होते?

फेब्रुवारीत शेजारच्या आजी एक पुठ्ठा घेऊन दारात आल्या. त्यावर चिमट्यात कागद अडकवलेले. गल्लीची जी रहिवासी संघटना असते, चोनाइकाइ, तिच्या सूचना या पुठ्ठ्यावरून घरोघर फिरतात. वाचायचं, चौकटीत शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायचं. याला कायरानबान म्हणतात. आधी तो आम्हाला वगळून जात होता, भाड्याच्या घरातले परदेशी लोक म्हणून. आजींनी प्रमुखांशी बोलून आमच्या नावाची चौकट वाढवून घेतली होती. नाव काताकाना लिपीत, कोणाच्या तरी हाताने जपून लिहिलेलं. मी शिक्का मारला आणि पुढच्या दारी नेऊन दिला.

त्या चौकटीबरोबर कामंही आली. महिन्याला थोडी वर्गणी. कचऱ्याच्या जागेवरची निळी जाळी, जी कावळ्यांसाठी अंथरतात, ती गाडी गेल्यावर धुऊन घडी घालायची. आठवडाभर आपली पाळी. उन्हाळ्याच्या तोंडाला गटारं आणि कडेचं गवत काढायला रविवारी सकाळी प्रत्येक घरातून एकाने यायचं. नवरा पहिल्यांदा गेला तेव्हा त्याच्या हातात कोयता दिला आणि काम संपल्यावर गार चहाची बाटली. त्या दिवसापासून आम्हाला गल्लीत लोक नावाने हाक मारायला लागले. त्याआधी सगळे आमच्याशी अत्यंत सौजन्याने वागत होते. सौजन्य आणि ओळख यांत किती अंतर असतं ते मला इथे कळलं.

भाषा मी युतो भागात शहराने परदेशी रहिवाशांसाठी चालवलेल्या केंद्रात शिकले. शिकवणारे बरेचसे स्वयंसेवक, निवृत्त झालेले. मुलांना प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत 1026 कांजी अक्षरं शिकवतात, पहिलीत 80. मी मुलीची पहिलीची वही घेऊन तिच्या मागोमाग चालले. ती पुढे गेली, मी मागे राहिले, पण सूचनांचा कागद वाचता येऊ लागला.

तिथेच एका बाईंनी विचारलं, शनिवारी परदेशी मुलांचा अभ्यास घेतो, तुम्ही गणित घ्याल का? ब्राझील, पेरू, फिलिपिन्स, व्हिएतनामची मुलं. त्यांची आकडेमोड चांगली होती. अडत होती ती शाब्दिक उदाहरणं, कारण वाक्यच कळत नव्हतं. मी पट्ट्या काढून दाखवायची, एक पट्टी एका राशीची, आणि मुलं भाषेआधी गणित पकडायची. मग त्याच पट्टीवरून शब्द शिकवायचे. मोठ्या संख्यांचा गोंधळ तर मला स्वतःला सोडवावा लागला. आपण हजारानंतर दोन-दोन घरांनी लाख, कोटी असे जातो. जपानी लोक चार-चार घरांनी जातात. दहा हजाराला एक 'मान', आणि दहा हजार मान म्हणजे एक 'ओकु'. म्हणजे आपला लाख हा दहा मान, कोटी हा हजार मान, आणि ओकु म्हणजे दहा कोटी. ब्राझीलची मुलं तीन-तीन घरांनी मोजत आलेली. एका शनिवारी फळ्यावर एकच संख्या लिहून आम्ही ती तीन पद्धतींनी स्वल्पविराम देऊन वाचली. पुन्हा फळा होता, खडू होता, आणि मुलं हात वर करत होती. तो हिवाळा तिथे संपला, कॅलेंडरवर कोणताही महिना असो.

दरवर्षी 3 ते 5 मे इथे पतंगांचा उत्सव असतो. नाकाताजिमाच्या वाळूच्या टेकड्यांवर शहरातल्या 170 हून अधिक वस्त्या आपापले पतंग घेऊन उतरतात. पतंग माणसापेक्षा मोठे, दोर तागासारखा जाड, अनेकांनी मिळून ओढायचा. ज्या घरात पहिलं मूल जन्मलं असेल त्याच्या नावाचा पतंग गल्ली उडवते. मग वस्त्यांची लढत. दोराला दोर घासतो, जळका वास सुटतो, बिगुलं वाजत असतात. संक्रांतीच्या काटाकाटीत वाढलेल्या नवऱ्याला 2019 साली दोरीबाहेर उभं राहून पाहणं फार कठीण गेलं. दोराला हात लावायचा तर वस्तीचं चिन्ह असलेला अंगरखा हवा आणि तो वस्तीच देते. 2020 मध्ये करोनामुळे उत्सव झालाच नाही, पुढची काही वर्षं तो आखडता राहिला. 2023 साली आम्हा तिघांना अंगरखे आले. आजोबांनी नवऱ्याच्या कमरेला पट्टा स्वतः बांधला. मुलगी तेव्हा सहावीत होती, सकाळच्या गटाची पुढारी, आणि पहिलीतल्या दोन पोरांना मागे घेऊन शाळेत जात होती.

आपत्तीची तयारी हा इथल्या जगण्यातला रोजचा भाग आहे. 1 सप्टेंबर हा आपत्ती-निवारण दिन, 1923 च्या कान्तो भूकंपाच्या स्मरणार्थ. शाळेत त्या सुमारास सराव होतो. मुलं टेबलाखाली, मग मैदानावर, आणि मग प्रत्येक पालकाने वर्गाच्या रांगेत जाऊन, नाव सांगून, सही करून मूल ताब्यात घ्यायचं. सराव असूनही माझे हात गार पडायचे. हामामात्सू ज्या किनाऱ्यावर आहे त्यापुढे समुद्रात नान्काई खंदक आहे, आणि तिथे मोठा भूकंप होणार हे सगळे गृहीत धरून असतात. त्सुनामीसाठी किनाऱ्यावर 17.5 किलोमीटर लांबीचा बांध घातलाय, तो 2020 मध्ये पूर्ण झाला.

एप्रिल 2024 मध्ये आमच्या सहा बिऱ्हाडांची आणि आसपासच्या काही घरांची गटप्रमुख होण्याची पाळी आमची आली. मी घेतली. वर्गणी गोळा करणं, पुठ्ठा अडकला तर शोधणं, कचऱ्याच्या जागेचं वेळापत्रक करणं. 8 ऑगस्टला दक्षिणेकडे ह्यूगानादा समुद्रात 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि हवामान खात्याने इतिहासात पहिल्यांदा नान्काई खंदकासाठी महाभूकंपाची विशेष सूचना काढली. आठवडाभर सावध राहा, असं सांगणारी. दुकानांतलं बाटलीतलं पाणी संपायला लागलं. संघटनेकडून गटप्रमुखांना निरोप आला: आपल्या गटातल्या एकट्या आणि वृद्ध लोकांना भेटून या.

मी यादी घेऊन निघाले. प्रत्येक घरी तेच प्रश्न. माणशी दिवसाला तीन लिटर, निदान तीन दिवसांचं पाणी आहे का. औषधं कोणती. उंच जागेवर कोणाबरोबर जाणार. कपाट भिंतीला अडकवलंय का. एका घरी आजोबांना ऐकू येत नव्हतं, मी कागदावर हिरागाना या सोप्या लिपीत लिहिलं, त्यांनी त्याखाली उत्तर लिहिलं. शेजारच्या आजींकडे शेवटी गेले. त्यांनी सगळी उत्तरं दिली, मग माझ्याच हातातला कागद घेऊन मला विचारायला सुरुवात केली. पाणी? औषधं? मुलगी शाळेत असली तर कोण आणणार? मला शाळा गाठता आली नाही तर त्या आणतील, असं ठरलं. शाळेच्या नोंदीत मूल ताब्यात घेणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव आता आहे. 15 ऑगस्टला सूचना मागे घेतली गेली.

एप्रिल 2025 मध्ये मी गटाची वही पुढच्या बिऱ्हाडाला दिली. वरच्या मजल्यावर राहणारं व्हिएतनामचं तरुण जोडपं. तो वेल्डिंगचं काम करतो, ती एका वृद्धाश्रमात आहे. वहीतली माहिती मी सोप्या जपानीत पुन्हा लिहून काढली होती, अवघड अक्षरांवर वाचन देऊन. कोणाकडे बेल वाजवायची आणि कोणाच्या खिडकीवर टकटक करायची, तेही. तिने विचारलं की वर्गणीला कोणत्या वेळी जावं. रविवारी दहानंतर, मी सांगितलं. फक्त त्या ऐकू न येणाऱ्या आजोबांकडे शनिवारी जा, कारण रविवारी ते मुळ्याच्या वाफ्यावर असतात आणि दुपारपर्यंत परतत नाहीत.